मनोऱ्याचा गुडघा

रविवारी दुपारी काकांनी जेवणाच्या टेबलावर फाइल आणून ठेवली आणि आत्याने ती दोन बोटांत धरून फ्रिजवर नेऊन ठेवली.

"जेवणाच्या टेबलावर फाइल नको. तीस वर्षं ऑफिसात फाइलीच उचलतेय मी. घरात नाही उचलणार."

"आत्ताच उचललीस की, ताई," काका म्हणाले.

एरवी या वाक्यावर सगळं टेबल हसलं असतं. आज कुणी हसलं नाही. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजोबांनी मान वर करून फाइलकडे पाहिलं. पिवळी फाइल, तांबडी नाडी. सरकारी कंपनीत पिवळ्या फाइलीतून कुणाचं भलं बाहेर पडलेलं त्यांनी एक्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आत एकच कागद होता आणि तो सगळ्यांना तोंडपाठ झाला होता. 'डिस्क क्रमांक तीन. चुऱ्याचे प्रमाण दोन महिने सतत जास्त. संबंधित कर्मचाऱ्यात हस्तकौशल्याचा अभाव. भांडार विभागात बदली प्रस्तावित.' खाली सहीसाठी मोकळी जागा. सही करायची होती उत्पादन व्यवस्थापकाने, म्हणजे काकांनी, आजोबांच्या थोरल्या मुलाने, जो आत्ता पाण्याचा ग्लास न पिता नुसताच फिरवत बसला होता. आणि संबंधित कर्मचारी म्हणजे त्याचीच पुतणी. वय चोवीस, उंची चार फूट दहा इंच, डिस्कवर येऊन दोन महिने. ती स्वयंपाकघराच्या दारात एक डबा छातीशी धरून उभी होती.

तिला सगळे बटण म्हणत. पाच वर्षांची असताना कारखाना बघायला आली, माल वाहणाऱ्या पट्ट्याशेजारचं लालभडक बटण दिसलं आणि दाबलं. अकरा मिनिटं अख्खा कारखाना ठप्प. साहेबांपुढे मान खाली घालून बोलणी खाल्ली ती आजोबांनी, आणि घरी येताना तिला खांद्यावर बसवून आणलं तेही आजोबांनीच. मनातून ते कमालीचे खूश होते. पोरीला कारखान्याची भीती वाटली नव्हती.

"आजोबा, जेवायच्या आधी पाच मिनिटं मागच्या अंगणात येता?" बटण म्हणाली. "सकाळच्या पाळीतल्या गोळ्या आणल्यात. ओल्या फडक्यात आहेत."

"जेवण निवतंय," तिचे वडील म्हणाले. ते वर डोंगरावरच्या खाणीत शॉवेल, म्हणजे दगड उपसायचं अवाढव्य यंत्र, चालवायचे आणि रविवारी खाली यायचे. सहा फुटी, अबोल माणूस. दगड फोडण्यात दिवस गेला की शब्द फोडायला जोर राहत नाही, असं आत्या म्हणायची.

"निवू दे," आजोबा उठत म्हणाले.

या घरात तीन पिढ्यांचं पोट एकाच खनिजावर चाललं होतं. वर खाण. तिथलं लोहखनिज दळून त्याचं पाण्यात कालवलेलं काळं पीठ लांबच लांब पाइपातून खाली येई. खाली पाणी पिळून काढायचं, चिमूटभर चिकणमाती मिसळायची आणि पीठ डिस्कवर सोडायचं. डिस्क म्हणजे खोलीएवढी तिरकी परात, सतत फिरणारी. तिच्यावर पाण्याचे फवारे मारत पीठ गडगडवलं की गोटीएवढ्या गोळ्या होतात. त्या पट्ट्यांवरून उड्या मारत भट्टीत जातात, भाजून दगडासारख्या टणक होतात आणि पोलादाच्या कारखान्यांकडे रवाना होतात. सगळा खेळ कच्च्या गोळीचा. ती पट्ट्यावर फुटली की चुरा, आणि चुऱ्याने भट्टी गुदमरते. प्रत्येक डिस्कच्या पट्ट्याखाली साचलेला चुरा वेगळा मोजतात.

कच्ची गोळी जोखायची रीत आजोबांनी घालून दिली होती. गुडघ्यातून लोखंडावर सोडायची. पाच वेळा टिकली तर गोळी चांगली, नाहीतर पाणी आणि माती बघा. 'गुडघ्यातून पाच' एवढंच. कारखाना सुरू झाला त्या पहिल्या पाळीपासून ते निवृत्त होईपर्यंत त्यांच्या डिस्कचा चुरा सगळ्यांत कमी. पुढची दहा वर्षं त्यांनी प्रशिक्षण वर्गात तीच रीत शिकवली. निरोपाच्या समारंभात कंपनीने त्यांच्या उजव्या पंजाचा पितळी ठसा करून दिला होता, तळवा वर, बोटं किंचित मिटलेली. तो बाहेरच्या खोलीत शोकेसमध्ये होता आणि आत्या दर आठवड्याला त्याला घासूनपुसून लख्ख करायची. 'मनोऱ्याचा हात' म्हणत लोक. मनोरा म्हणजे आजोबा. उंचीच तशी होती.

अंगणात नळाजवळ एक लोखंडी पाटी पडलेली असे, कारखान्यातून भंगारात निघालेली. बटणने डबा उघडला.

"हे बघा. दर अर्ध्या तासाला दहा गोळ्या तपासते मी. एकही वेळ चुकवलेली नाही." ती वाकली, मूठ गुडघ्याला लावली, सोडली. "एक." उचलली. "दोन. तीन. चार. पाच." सहाव्यांदा गोळी दुभंगली. "पाच टिकली ना? सगळ्या अशाच टिकतात. मग पट्ट्यावर गेल्या की माझ्याच का फुटतात? बाकीच्यांच्या एवढ्या फुटत नाहीत."

"प्रयोगशाळा काय म्हणते?"

"ती गोळीची ताकद तपासते, पण सहाही डिस्कचा माल एकत्र करून, पाळीत एकदा. त्यात माझं एकटीचं कुठे दिसतं?"

"आण इकडे."

आजोबांनी डाव्या हाताने भिंत धरली, हळूहळू वाकले, मूठ गुडघ्याला लावली आणि गोळी सोडली. एक, दोन. तिसऱ्यांदा भुगा.

दुसरी घेतली. तीही तिसऱ्यांदा गेली. तिसरी कशीबशी चौथ्यापर्यंत पोचली.

"अण्णा, हात थरथरतोय तुमचा," दारातून बटणचे वडील मायेने म्हणाले. "चला आत."

आजोबांनी हाताकडे पाहिलं. हात अजिबात थरथरत नव्हता. मग त्यांनी नातीकडे पाहिलं, ती चौथी गोळी घेऊन पुन्हा वाकली होती. तिची मूठ तिच्या गुडघ्याशी होती. तो गुडघा त्यांच्या गुडघ्याच्या बराच खाली, नडगीवर येत होता.

त्यांना कळलं. सगळं एका क्षणात कळलं.

"हो," ते म्हणाले. "थरथरला असेल."

*

जेवताना आजोबांचं लक्ष जेवणात नव्हतं. ताटातला घास ताटातच फिरत राहिला. बाकीच्यांची मात्र चांगलीच जुंपली होती.

"भांडारात वाईट काय आहे?" बटणचे वडील म्हणत होते. "बसायला खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे. डिस्कवर काय, दिवसभर धूळ आणि खडखडाट. मी तर म्हणतो दादाने सही करून टाकावी. उपकारच होतील."

"उपकार!" आत्याने डाव आपटला. "उद्या तुला शॉवेलवरून उतरवून पेन्सिली मोजायला बसवलं तर तुलाही खुर्ची मिळेल. जाशील?"

"माझं वेगळं आहे."

"का? तुझ्या मिशा आहेत म्हणून?"

"ताई, माझं जरा ऐक," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की ते घरातले राहत नसत, ऑफिसातले होत. "दुसरी कुणी असती तर मी आणखी एक महिना दिला असता. ही माझी पुतणी आहे. म्हणून एक दिवससुद्धा देता येत नाही. पाळीचा मुकादम काय म्हणाला माहितीये? साहेब, पोरगी तुमची आहे म्हणून आम्ही गप्प बसायचं का? मी काय उत्तर देऊ?"

"उत्तर देऊ नकोस. पण सांगून ठेवते, तू सही केलीस तरी तो कागद माझ्या टेबलावरून जातो. जावक क्रमांक मी देते. आणि माझी शाईची गादी सध्या वाळलेली आहे."

"किती दिवस वाळलेली राहील?"

"निवृत्तीला चार वर्षं आहेत मला."

काकांना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं. मग आत्या बटणकडे वळली. "तू का गप्प? बोल की! मनोऱ्याची नात आहेस तू. बाहेर शोकेसमध्ये पंजा आहे ना, त्या हाताचं रक्त आहे तुझ्यात."

"रक्त आलं असेल, आत्या. हात नाही आला." बटण ताटाकडे बघत बोलत होती. आवाज अगदी सरळ होता आणि त्यामुळेच ऐकवत नव्हता. "मी सगळं करून पाहिलं. तासन्‌तास पाळी संपल्यावर थांबले. मला ते काम इतकं आवडतं ना, की सुट्टीच्या दिवशी करमत नाही मला. पण नियम पाळूनसुद्धा गोळी फुटत असेल तर दोष माझ्या हातातच असणार. काका, तुम्ही उद्या सही करा. मी रडणार नाही."

आणि ती लगेच रडायला लागली.

आजोबांना वाटलं, आपल्याच घरात आपण चोरासारखे बसलोय. त्यांच्या डोळ्यांपुढे तो पहिला दिवस उभा राहिला. नवा कोरा कारखाना. गोळी ठराविक उंचीवरून सोडायचं यंत्र यायचं होतं आणि सरकारी खरेदीत ते कुठेतरी अडकलं होतं. यंत्रं बसवायला आलेला इंजिनिअर घाईत म्हणाला, सोडा हो गुडघ्याएवढ्या उंचीवरून. कुणाच्या गुडघ्याएवढ्या, हे त्यानेही सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही. समोर स्वतःचाच गुडघा होता. सात दिवस घासून त्यांनी ताडून पाहिलं की पाच वेळा टिकलेली गोळी पट्ट्यांवरच्या सगळ्या उड्या झेलून भट्टीपर्यंत शाबूत जाते. तो पाचाचा आकडा त्यांच्या पायाचा होता. पुढे सगळ्यांनी तो आपापल्या पायांना लावला. ज्याचा गुडघा जितका खाली, त्याची गोळी तितकी कच्ची. आणि लोक म्हणत राहिले, हाताचा गुण आहे. त्यांनीही ते ऐकून घेतलं. वर्षानुवर्षं ऐकलं, सत्कार घेतले, पंजा घेतला. गोड वाटत होतं ना! खोटं कशाला बोलायचं, आत्ताही सोडवत नव्हतं.

पोर नाक पुसत होती. सोडवत नव्हतं, तरी ते उठले.

"टेप आण," ते काकांना म्हणाले.

"कसला टेप?"

"मोजायचा. इंजिनिअरच्या घरात टेप नाही का? आणि तू," ते बटणच्या वडिलांना म्हणाले, "माझ्या पलंगाखालून बूट काढ. कारखान्याचे."

आजोबा बूट घालून भिंतीला टेकून ताठ उभे राहिले. काका काहीच न कळून त्यांच्या पायाशी बसले.

"जमिनीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत. मोठ्याने सांग."

"छप्पन्न सेंटिमीटर."

"आता हिचा. बूट घाल गं तुझे."

बटण बूट घालून आली. काकांनी टेप लावला, वाचला, पुन्हा लावला.

"त्रेचाळीस," ते म्हणाले आणि तसेच बसून राहिले. टेप त्यांच्या हातातून सर्रकन आत गेला. "अण्णा... तेरा सेंटिमीटर! ही तेरा सेंटिमीटर खालून सोडते!"

"हात थरथरला नव्हता माझा," आजोबा म्हणाले. "अंगणातच कळलं होतं. मी मूग गिळून बसलो. लाज वाटते मला त्याची."

"पण अण्णा," बटणचे वडील म्हणाले, "तुम्ही आता वाकलात. तेव्हाचा गुडघा आणखी वर असेल."

"नाही बाबा," बटण डोळे पुसत मध्येच बोलली. तिची आई कंपनीच्या दवाखान्यात नर्स होती आणि आत्ता ड्यूटीवर होती. "आई सांगते ना, म्हातारपणी पाठ वाकते, नडगी आखडत नाही. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांची उंची दवाखान्यात गुडघ्यावरूनच काढतात."

काका उठले आणि येरझाऱ्या घालू लागले. चष्मा टेबलावरच होता, पण ऑफिसातला माणूस कुठल्या कुठे पळाला होता. त्या जागी परीक्षेत अवघड गणित सुटलेला पोरगा होता. "म्हणजे बाकीच्या डिस्कवरही हेच! मुकादमाचा असेल पन्नास, कुणाचा अठ्ठेचाळीस. अण्णा निवृत्त झाल्यापासून सगळा कारखाना हळूहळू घसरलाय आणि आपण काय म्हणतोय? तो हात राहिला नाही! अरे, कुणी एकदा टेप का नाही लावला? मी का नाही लावला?"

"कारण तूही माझ्याकडेच शिकलास," आजोबा म्हणाले.

सगळे आता आत्याकडे बघत होते. इतका वेळ भाचीच्या बाजूने भांडणारी आत्या शोकेसपुढे जाऊन उभी राहिली होती, जणू कुणी पंजा पळवून नेणार होतं.

"हे घराबाहेर जायचं नाही," ती म्हणाली. "अरे, तू गुपचूप उंची ठरवून दे, हिला डिस्कवर ठेव, प्रश्न मिटला. अण्णांचं नाव कशाला? प्रशिक्षण वर्गात फोटो आहे त्यांचा. उद्या लोक म्हणतील, हात कसला, तंगडी होती नुसती! हसतील, अण्णा. तुम्हाला हसतील."

"गुपचूप उंची ठरवली तर कागदावर काय राहील?" आजोबांनी विचारलं. "हिला हात नव्हता, काकाने सांभाळून घेतलं. जन्मभर तेच चिकटेल तिला. ताई, तू आवक-जावक बघतेस. कागदावर लागलेला डाग निघतो का कधी?"

आत्याचे डोळे भरून आले. पितळी पंजावर नसलेली धूळ ती पदराने पुसत राहिली.

*

सोमवारी सकाळी नऊ वाजता आजोबा डिस्क क्रमांक तीनपुढे उभे होते. डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, गळ्यात पाहुण्यांचा पास. स्वतःच्या कारखान्यात पाहुण्यांचा पास घालावा लागल्याने ते फाटकापासूनच फणफणत आले होते.

समोर डिस्क फिरत होती आणि काळं पीठ तिच्या कडेने वर चढून कोसळत होतं. तो आवाज कानांवर पडला आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. बातमी पसरायला वेळ लागला नव्हता. सहाही डिस्कवरची माणसं, फिटर, पट्ट्यावरच्या बायका, सगळे काही ना काही निमित्त काढून तीन नंबरपाशी घोटाळत होते.

पाळीचा मुकादम पुढे आला. त्यानेच तो कागद लिहिला होता. पन्नाशीचा, आजोबांच्या हाताखाली तयार झालेला. "अण्णा, तुमच्या पायाशी बसून शिकलो मी."

"पायाशीच बसला होतास, तरी पाय मोजला नाहीस," आजोबा म्हणाले.

लोक हसले. मुकादमही हसला, पण मान हलवत म्हणाला, "हात तो हात, अण्णा. टेपने काय होतंय?"

"वीस गोळ्या घे. तुझ्या हाताने निवड. हिच्या डिस्कवरून."

मुकादमाने निवडल्या. काकांनी खांबावर खडूने दोन रेघा मारल्या, त्रेचाळीसवर एक, छप्पन्नवर एक. बटणने खालच्या रेघेवरून दहा गोळ्या सोडल्या. सगळ्या पाच वेळा टिकल्या, काही सातपर्यंत गेल्या. मग तिने वरच्या रेघेवरून सोडायला सुरुवात केली. तीन. तीन. चार. तीन. पुढे आकडे लोकच ओरडून सांगायला लागले. पाचापर्यंत एकही गेली नाही.

"हात तोच आहे ना?" आजोबांनी मुकादमाला विचारलं. "मग रेघ बदलली तर गोळी का बदलली?"

मुकादमाने हेल्मेट काढून डोकं खाजवलं. मग न सांगता खांबाशी जाऊन स्वतःचा गुडघा रेघांपुढे धरला. तो दोन्हींच्या मध्ये आला. "म्हणजे मीसुद्धा..." एवढंच बोलून तो थांबला.

"तूसुद्धा," आजोबा म्हणाले. "आणि ऐका रे सगळे! चूक कुणाची ते नीट ऐका. नंतर चहाच्या टपरीवर बदलून सांगू नका. मी गुडघा म्हणालो आणि कुणाचा ते सांगितलं नाही. दहा वर्षं फळ्यापुढे उभा राहून शिकवलं, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही म्हणालात मनोऱ्याचा हात, मी म्हणालो बरं. हाताबिताचं काही नव्हतं. माझा पाय लांब होता. या पोरीने माझा नियम माझ्यापेक्षा इमानाने पाळला, म्हणून तो नियम उघडा पडला."

आत्या म्हणाली होती हसतील, आणि एकजण हसलाच, मागचा फिटर. पण ते हसणं असं होतं की आजोबांनाही हसू फुटलं. मग एकेक करून सगळे हसले आणि छातीवरचा धोंडा बाजूला झाल्यासारखं आजोबांना वाटलं.

"बटण," ते म्हणाले, "आता तुझं काम. वरच्या रेघेवरून पाच आण मला."

ते बाजूच्या स्टुलावर बसले आणि मुद्दाम एक शब्द बोलले नाहीत. नातीने पाण्याची चावी किंचित उघडली. थांबली. मूठभर पीठ उचलून दाबून पाहिलं. फवारा वरच्या कडेला सरकवला. माती चिमूटभर वाढवायला सांगितली. तपासलं, चार. चावी पुन्हा थोडी फिरवली, डिस्कचा उतार बदलून घेतला. तपासलं. गोळी चपटी झाली, पाणी जास्त झालं होतं, मागे घेतलं. आजोबा तिची बोटं बघत होते. घाई नव्हती आणि भीतीही नव्हती. दोन महिने चुकीच्या रेघेने हिला छळलं होतं. रेघ बरोबर मिळाल्यावर ती असं काम करत होती की बघणाऱ्याने घड्याळ विसरावं.

"पाच," साडेदहाला मुकादमच मोठ्याने म्हणाला. त्याने दहाच्या दहा स्वतः सोडल्या होत्या. "सगळ्या पाच."

भट्टीला वेळ लागतो. गोळ्या आत शिरून, भाजून, थंड होऊन पलीकडे यायच्या, चाळल्या जायच्या, मगच आकडा कळायचा. काकांनी आज भट्टीकडे एकट्या तीन नंबरचाच माल सोडला होता. महाव्यवस्थापकांनी त्याला एका पाळीची परवानगी दिली होती, आणि तीही 'प्रायोगिक' असा शब्द तीन ठिकाणी घालून. बाराला लोक जेवायला गेले नाहीत. एकला बटणचे वडील आले. खाणीवरून अर्धी रजा टाकून. येऊन थेट लेकीच्या बाजूला उभे राहिले.

सव्वा दोनला नियंत्रण कक्षातला भोंगा खरखरला. "डिस्क तीन. चुरा..." आवाज थांबला. मागे कुणीतरी कुणाला तरी पुन्हा वाच म्हणत होतं. "चुरा तीन टक्के. पुन्हा सांगतो, तीन."

गेल्या आठवड्यात तो नुसत्या पट्ट्याखालीच नऊ होता.

काय आरडाओरडा झाला! हेल्मेटं उडाली, पट्ट्यावरच्या बायकांनी बटणला उचललं, आणि ती उचलायला सोपी होतीच. तिचे वडील, ज्यांना खुर्ची आणि पंखा हवा होता, ते वेड्यासारखे टाळ्या पिटत होते. गर्दीतून वाट काढत बटण स्टुलापाशी आली, सगळी काळी झालेली, दात तेवढे पांढरे.

"आजोबा, तीन! तुमचा सगळ्यांत कमी किती होता?"

"चार," आजोबा म्हणाले. "एकदाच. भिंतीवर कोरून ठेवावा असा दिवस होता तो माझा." आणि आयुष्यात पहिल्यांदा हरल्याचा त्यांना इतका आनंद झाला की ते स्टुलावरून उठलेच. "तुला हात आहे गं. मला नव्हता, तुला आहे. लांब पायाशिवाय तीनवर आलीस तू!"

काकांनी तिथेच रेलिंगवर पिवळी फाइल उघडली. सरकारी कंपनीत कागद फाडत नाहीत, त्याच्यावरच आणखी लिहितात. त्यांनी चष्मा लावला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "बदलीचा प्रस्ताव रद्द. दोष कर्मचाऱ्याचा नसून चाचणीच्या उंचीचा होता, हे सिद्ध. सर्व डिस्कवर यापुढे उंची छप्पन्न सेंटिमीटर. नवीन पद्धत शिकवण्याची जबाबदारी डिस्क क्रमांक तीनच्या कर्मचाऱ्याकडे." सही ठोकली. "आता ही जावकला जाईल चार वर्षांनी."

"आण इकडे," मागून आवाज आला.

आत्या उभी होती. ऑफिसच्या साडीवर हेल्मेट घालून ती आयुष्यात पहिल्यांदा डिस्कपाशी आली होती. तिने पिशवीतून शिक्का काढला, नवीकोरी ओली गादी काढली, फाइल गुडघ्यावर ठेवून शिक्का मारला आणि क्रमांक घातला. मग पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड बाहेर काढलं आणि फिटरच्या हातात दिलं.

"खडूची रेघ आठ दिवसांत पुसली जाईल," ती म्हणाली. "हे बसव तिथे. बोल्ट घाल. हलता कामा नये."

फिटरने टॉवेल उलगडला. आजोबांनी लेकीकडे पाहिलं. ती डिस्ककडे बघत होती, त्यांच्याकडे नाही.

अर्ध्या तासाने पितळी पंजा तीन नंबरच्या खांबावर छप्पन्न सेंटिमीटरवर बसला, तळवा वर, बोटं किंचित मिटलेली. काकांनी टेप तीनदा लावला. खाली लोखंडी पाटी ठेवली गेली. मुकादमाने आजोबांना हाताला धरून पुढे आणलं, पण त्यांनी मान हलवली आणि नातीला पुढे केलं.

बटणने डिस्कवरून एक ओली गोळी उचलून त्या तळव्यावर ठेवली आणि बोटाने हलकेच ढकलली.

"एक," सगळा कारखाना म्हणाला.